बकरी, सांग तिले

दोन मुलींसाठी एक विनोदी प्रवेश शोधून द्या, एवढंच प्राचार्यांनी मला सांगितलं होतं. भंडाऱ्याला कनिष्ठ महाविद्यालयांची नाट्यप्रवेशांची स्पर्धा होती. वेळ दहा मिनिटं, पात्रं दोनच. आमच्याकडून दरवर्षी मुलं जायची. एक दारुडा, एक हवालदार, चार वेळा पाय लटपटवले की काम झालं. त्या वर्षी बारावीच्या दोन मुली माझ्या टेबलाजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, आमाले जाचं हाय. पण रडाचं नका देऊ. हसाचं द्या."

दोघी चुलत बहिणी. एक उंच, एक बुटकी. इथे मी त्यांना तेवढंच म्हणणार आहे. ढिवराच्या घरच्या, करडीकडच्या एका गावातल्या. बाप दोघींचे सख्खे भाऊ, एकाच डोंग्यात बसून तलावात जाळं टाकायचे. उंच मुलगी काहीही बोलली तरी चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. बुटकीला मात्र हसू दाबता यायचं नाही, आधी तिचे कान हलायचे. असे दोन चेहरे शेजारी उभे राहिले की अर्धं काम आपोआप होतं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. विनोदातलं आपल्याला बरंच कळतं, असा माझा तेव्हा समज होता.

ग्रंथालयात नाटकांचं एक कपाट आहे. त्यातलं वाळवीनं ठेवलेलं सगळं मी आठवडाभर चाळलं. दोन बायकांचे विनोदी प्रवेश नव्हते असं नाही. सासू आणि सून होती. नळावर भांडणाऱ्या शेजारणी होत्या. मालकीण आणि कामवाली होती. एकाच नवऱ्यासाठी एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या दोघी होत्या. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांत तर हसवणं हे पुरुषाचंच खातं. बाईनं गाणं म्हणावं, नाही तर पदर डोळ्यांना लावावा. यातले पाचसहा प्रवेश मी मुलींच्या हातात दिले. त्यांनी ते वर्गात, शेवटच्या बाकावर बसून, एकमेकींना वाचून दाखवले. मग उंच मुलगी पुस्तकं परत घेऊन आली.

"मॅडम, याच्यात आमी कोनावर हसाचं?" ती म्हणाली. "आमच्यावरच?"

मला राग आला. एक तर मी उपाशीतापाशी धूळ खात कपाट उपसलं होतं. मी म्हटलं, "मग तुम्हीच आणा शोधून."

दोन दिवसांनी मी व्हरांड्यातून चालले होते. आत रिकाम्या वर्गात दोघी झाडलोट करत होत्या. बुटकी हातातल्या खराट्याकडे पाहून म्हणाली, "खराट्या, सांग तिले, तिच्या कोपऱ्यातला कचरा माह्या कोपऱ्यात येऊन राहिला." उंच मुलगी त्याच खराट्याला म्हणाली, "खराट्या, तिले विचार, कचऱ्यावर नाव लिवलं हाय का?" मी दारातच थांबले. हे काय म्हणून विचारलं, तर उंच मुलीनं खराट्याकडे पाहिलं. मग बुटकीचे कान हलले.

"आमच्या आया असंच बोलतेत," ती म्हणाली. "बकरीसंगं."

हकीकत अशी होती. भाऊ वेगळे झाले तेव्हा अंगणात कंबरेइतकी मातीची भिंत आली. भांडी वाटली, जाळी वाटली, शिंगाड्याचा वाटा ठरला. बकरी एकच होती, ती वाटता येईना. म्हणून भिंत जिथे संपते तिथे खुंटा ठोकला आणि बकरी बांधली. एक दिवस हिनं चारा घालायचा, एक दिवस तिनं. दोघी जावांचं बोलणं मात्र बंद झालं. कशावरून, ते कुणालाच धड सांगता येत नव्हतं. सासूच्या तेराव्याला कुणी कुणाला काही म्हणालं होतं, एवढंच. भाऊ बोलत होते, पोरी एका ताटात जेवत होत्या, फक्त या दोघी नाहीत. आणि तरी एका विहिरीवर राहायचं तर काही ना काही सांगावं लागतंच. ते त्या बकरीला सांगायच्या.

मला प्रवेश सापडला होता. मी मुलींना लिहायला बसवलं. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि उंच मुलगी म्हणाली, "लिवतो मॅडम. पण शेवट आमचा राहीन."

"राहू द्या की," मी म्हटलं. मी तेव्हा भलत्याच आनंदात होते, काय कबूल करते आहे याकडे माझं लक्ष नव्हतं.

एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. कारण काहीतरी सांगितलं, खरं म्हणजे बघायला गेले होते. थोरल्या जावेकडे, म्हणजे उंच मुलीच्या आईकडे, चहा झाला. मग भिंतीपलीकडे, धाकटीकडे, दुसरा चहा झाला. थोरली हाडकुळी, बोलण्यात मधेच "वो" लावणारी. धाकटी ठेंगणी, कमरेवर हात ठेवून उभी राहणारी. मी दुसरा चहा पीत होते तेव्हा थोरली भिंतीजवळ आली, बकरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बकरी, सांग वो तिले, तिच्या मालकाच्या पायाले काटा गडला हाय तलावात. तो सांगनार नाई, तिनं पाहून घ्यावं." धाकटी माझ्याकडे पाहत बकरीला म्हणाली, "ज्याले एवढं दिसते त्याच्या घरी हळद असन तं पाहाय म्हणा." थोड्या वेळानं पळसाच्या पानावर हळद भिंतीवर येऊन बसली. मी हसू दाबण्यासाठी कप तोंडाला लावला. मला त्यात फक्त हसण्यासारखंच दिसलं.

प्रवेश सुरेख झाला. मुलींनी लिहिला, मी घासून घेतला. उंच मुलगी थोरली झाली, बुटकी धाकटी, आणि बकरीच्या जागी एक स्टूल आणि एक दोरी. विहिरीच्या दोरीचं प्रकरण, वाळत घातलेल्या बोटऱ्या मासोळ्या मांजरीनं पळवल्याचं प्रकरण, पाहुणे आल्यावर साखर मागायचं प्रकरण, काट्याचं आणि हळदीचं प्रकरण. दरवेळी दोघींचा राग शेवटी स्टुलावर निघायचा. बकरीला दोन्हीकडून शिव्या, दोन्हीकडून चारा. मुली कॉलेजात माझ्यासमोर तालीम करायच्या आणि घरी गेल्यावर पुन्हा अंगणात करायच्या. आया ओरडत नाहीत का, असं मी एकदा विचारलं. "घरात कामं करत राह्यतेत," बुटकी म्हणाली. "काई म्हनत नाईत."

शेवट त्यांनी असा लिहिला होता: बकरी दोरी तोडून पळून जाते. दोघी जावा शोधून शोधून दमतात आणि रिकाम्या खुंट्यापाशी येऊन उभ्या राहतात. बोलायला मध्ये कुणी उरत नाही. बराच वेळ कुणी बोलत नाही. मग थोरली म्हणते, "चाय मांडली हाय. येतं का?" धाकटी म्हणते, "येतो." संपलं.

स्पर्धेच्या आठवड्यात मी घड्याळ लावून पाहिलं तर प्रवेश बारा मिनिटांचा होत होता. मी वही घेतली आणि तो शेवट लाल पेनानं कापला. दोघी रिकाम्या खुंट्यापाशी येतात, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, दोघी बोलायला तोंड उघडतात, बकरी नाही हे लक्षात येतं, तोंडं तशीच उघडी, आणि अंधार. विनोद हसण्यावर संपला पाहिजे, मी मुलींना समजावून सांगितलं. चहावर संपला की लोक हळवे होतात आणि आधीचं हसलेलं विसरतात. हे मी फार खात्रीनं सांगितलं.

"मॅडम, तेवढं राहू द्या ना," उंच मुलगी म्हणाली. "बाकीचं काढा."

"बाकीच्याला टाळ्या आहेत," मी म्हटलं. मी शब्द दिला होता याची आठवण तिनं करून दिली नाही. शिक्षकाला तशी आठवण करून द्यायची आमच्याकडे रीत नाही.

भंडाऱ्यात सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. उघड्या तोंडांवर अंधार झाला तेव्हा मागच्या रांगा उठून उभ्या राहिल्या. दुसरा क्रमांक आला. परीक्षकांनी शेवटाचं नाव घेऊन कौतुक केलं, आणि मी व्यासपीठावर जाऊन फोटोत मुलींच्या मधोमध उभी राहिले.

दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया सुरू झाल्या. धान कापून झालेलं असतं, पाहुणे आलेले असतात, दिवसा जत्रा आणि मग दंडारीचा खेळ नाही तर नाटक. मुलींच्या गावच्या मंडळींनी निरोप धाडला, आमच्या पोरींचं बक्षिसाचं नाटक आमच्या मंडईत झालंच पाहिजे. मला आणायला गाडी पाठवली. भर दुपारी, चौकातल्या मांडवात. मांडवामागे दोघी नऊवारी नेसून बसल्या होत्या. बुटकीनं माझा हात धरला.

"मॅडम, इथं तं टाईम नाई लागत," ती म्हणाली. "शेवट घेऊ ना आज? आमी काल घरी पूर्न म्हनून पाह्यलं."

मी नाही म्हटलं. ज्याला बक्षीस मिळालं तेच करायचं, उगीच प्रयोग बिघडवू नका. खरं सांगायचं तर मला त्या उघड्या तोंडांवरचा हशा पुन्हा एकदा ऐकायचा होता. दुसरं काही कारण नव्हतं. मुली एकमेकींकडे पाहून उठल्या.

गाव हसलं. भंडाऱ्याच्या दुप्पट हसलं, कारण इथे प्रत्येकाला ती भिंत आणि तो खुंटा माहीत होता. बायकांच्या बाजूला त्या दोघी बसल्या होत्या. दोघींच्या मध्ये तीनचार जणी होत्या, पण रांग एकच. दोघींनी धुवट लुगडी नेसली होती. मी त्यांच्याकडे अधूनमधून पाहत होते. त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या. मान पुढे काढून बघत होत्या. हळदीच्या प्रकरणावर थोरली हसली सुद्धा, पदर तोंडावर घेऊन. मग शेवट आला, तोंडं उघडी राहिली, पडदा पडला आणि एकच गलका झाला. गलका ओसरला तरी त्या दोघी उठल्या नाहीत. पडद्याकडे पाहत बसल्या होत्या. नंतर थोरली उठली, मग धाकटी, आणि दोघी दोन वाटांनी गेल्या.

त्यानंतर त्या अंगणातलं बोलणं बंद झालं. बकरीशी सुद्धा. मला हे मुलींकडून कळलं, तेही तुकड्यातुकड्यानं. बाजारात मासे विकायला बसल्या की पोरंटोरं बें बें करायची, गिऱ्हाईक विचारायचं, आज काय म्हणते बकरी. महिन्याभरात बकरी विकून टाकली. खुंटा तेवढा राहिला. मुलींनी मला कधी दोष दिला नाही. "आमीच केली ना त्याहिची नक्कल," बुटकी म्हणाली. "चिडल्या." मलाही तसंच वाटलं. दोन बायांची चारचौघांत खिल्ली उडवली, त्याचा त्यांना अपमान वाटला. मी मनातून खजील झाले, पण एकदा जाऊन माफी मागावी एवढं काही माझ्या हातून झालं नाही. परीक्षा होत्या, पेपर होते, आणि खरं तर माझा धीर झाला नाही.

थोरलीचं दुखणं त्याच उन्हाळ्याच्या तोंडावर आलं. अंगात कावीळ होती आणि ती घरात कुणालाही न सांगता बाजाराला जातच राहिली. धाकटीला पंधरा दिवस पत्ता लागला नाही. भिंतीपलीकडे थोरली जरा उशिरा उठते, एवढंच तिला दिसत होतं. दुसऱ्याच्या पायात काटा गडला तरी सांगणारी ती बाई, स्वतःचं दुखणं कुणामार्फत सांगणार होती. नागपूरला नेलं तेव्हा गाडीत चढताना तिनं भिंतीकडे पाहिलं असं उंच मुलगी सांगते. धाकटी दारात झाडू घेऊन उभी होती. कुणीच काही बोललं नाही. ती परत आली ती तशीच, चादरीत.

मी मातीला गेले. धाकटी तिथे सगळ्यांत मागे बसली होती आणि रडत नव्हती. लोक त्यावरही बोलले.

महिनाभरानं ती माझ्या घरी आली. सोबत बुटकी होती. उंच मुलीनं तोपर्यंत शिक्षण सोडलं होतं, बापाला आणि लहान भावांना रांधून घालायला. मी बसा म्हटलं, पाणी दिलं. धाकटी खुर्चीवर न बसता खालीच बसली, दाराजवळ.

"मॅडम, ते बकरीवालं पुस्तक तुमच्यापासी हाय म्हनते पोरगी."

"वही आहे," मी म्हटलं. "तुम्हाला हवी आहे का?"

"मले वाचता नाई येत. तुमी वाचून दाखवा." मग म्हणाली, "तिचं बोलनं त्याच्यातच हाय ना आता. दुसरीकडं कुठं नाई."

मी कपाटातून वही काढली. तालमीच्या दिवसांत हाताळून तिचे कोपरे मऊ झाले होते. मी वाचू लागले. विहिरीची दोरी वाचली, साखर वाचली. तिनं दोनतीनदा मला थांबवलं. "ती अशी नोती म्हनत. 'सांग वो तिले' म्हने. तुमी वो नाई लावला." मी वो लावून पुन्हा वाचलं. बोटऱ्यांच्या जागी तिला हसू आलं, मग ते हसू मोडलं आणि ती भिंतीला टेकून बसली. मी पान उलटलं तर पुढचं पान लाल रेघांनी आडवं कापलेलं. मी वही मिटली.

"अजून हाय," बुटकी म्हणाली.

"ते काढून टाकलेलं आहे," मी म्हटलं.

"मले मालूम हाय काय हाय ते," धाकटी म्हणाली. "वाचा."

मी वाचलं. दोघी खुंट्यापाशी येतात. बराच वेळ कुणी बोलत नाही. चाय मांडली हाय. येतं का? आणि पुढचा एक शब्द मला वाचता येईना, तो तिनंच म्हटला.

"तुम्हाला कसं ठाऊक?" मी विचारलं.

"पोरी अंगनात म्हनत नोत्या का रोज. मी चुलीपासून ऐकत होतो, ती तिच्या घरातून ऐके. दोघीले पाठ होतं." ती पदराची किनार बोटाला गुंडाळत होती. "मंडईच्या दिवसी आमी तेच आयकाले बसलो होतो. मी मनात म्हनलं, आज तिची पोरगी तिच्याकडून मले चारचौघांत बोलवून राहिली, तं घरी गेल्यावर मी जातो. भिंतीवरून नाई, दारातून जातो. मंग ते आलंच नाई. पडदा पडला. मले वाटलं, तिनंच पोरीले काढाले सांगतलं. तिले मी नको हाय."

बुटकी तिच्याकडे बघत राहिली. "माय, मले काहून नाई विचारलं?"

"काय विचारू? येतो म्हनाले बसलो होतो, असं सांगू?" मग ती माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं विचारणं होतं. "कोनं काढलं होतं, मॅडम?"

"मी," मी म्हटलं. "मी काढलं. त्यांनी नाही. मुलींनीही नाही."

"काहून?"

"लोक जास्त हसावे म्हणून."

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. मग तिनं हात पुढे केला, मी वही दिली. तिनं लाल रेघांचं पान बरोबर शोधून काढलं आणि त्यावरून तळहात फिरवला, बकरीच्या पाठीवरून फिरवतात तसा.

"मंग तिलेही असंच वाटलं असन," ती म्हणाली. "का मी काढाले सांगतलं म्हनून."

वही ती घेऊन गेली. मी दारापर्यंत गेले, पण माफीचा शब्द मला तेव्हाही सुचला नाही. त्यानंतर स्पर्धेला मुलांचे दारुडे आणि हवालदार जातात. मुली कधी येऊन उभ्या राहिल्या आणि हसायचं द्या म्हणाल्या, तर मी त्यांना आधी एकच गोष्ट विचारते, शेवट काय आहे, आणि तो कुणासाठी आहे.